सुईवरचा लाल ठिपका

एवढ्या संसारात यांनी घरात नेलपॉलिशची बाटली एकदाच आणली, आणि तीही कार्ब्युरेटरसाठी. रंग भडक लाल. मी हौसेने हात पुढे केला, तर म्हणाले, "झाकण उघडं ठेवू नकोस, वाळेल."

हे मॉडेल विमानांची पेट्रोल इंजिनं दुरुस्त करतात. मुठीत मावेल एवढं इंजिन, त्याला काडेपेटीएवढा कार्ब्युरेटर आणि त्यावर दोन सुया. एक सावकाश चालण्याची, दुसरी जोरात पळण्याची. सुई उघडली की पेट्रोल जास्त जातं, मिटली की कमी. सुया मनासारख्या लागल्या की हे त्यांच्या डोक्यावर लाल ठिपका देत, अर्धा सुईवर, अर्धा कार्ब्युरेटरच्या अंगावर. पुढे कुणी सुई फिरवली की ठिपका तडकणारच. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की हे डोळ्याला भिंग लावत आणि ठिपका तडकलेला दिसला की इंजिन त्याच्याच हातात परत देत. "आधी बोटं घालता, मग माझ्याकडे येता." या वाक्यापुढे आमच्या दुकानात कुणाची मात्रा चालत नसे.

दुकान दोघा भावांचं. हे दुरुस्तीच्या बाकावर, धाकटे भाऊजी मैदानावर. यांनी इंजिन लावायचं, भाऊजींनी ते उडवून दाखवायचं. सासूबाई गेल्या तेव्हा भाऊजींना अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यांची आजारपणं मी काढली, त्यांची भांडणं मी मिटवली. फक्त यांच्याशी झालेली तेवढी मिटवता आली नाहीत.

दोघांनी मिळून एक मोठं पांढरं विमान बांधलं होतं. पंख लावले की आमच्या दारातून बाहेर निघत नसे. इंजिन सुरू करताना त्याची शेपूट धरायचं काम माझं. भाऊजी म्हणायचे, "वहिनी, घट्ट धर हं, नाहीतर तूच आधी उडशील."

"उडाले तर बरंच आहे," मी म्हणायची. "तुमच्या दोघांच्या कटकटीतून सुटेन."

विमान जमिनीवर गोड चालायचं. वर गेलं, वेग आला, की काही वेळाने धूर सोडायला लागायचं, आवाज जड व्हायचा, फटफट करायचं आणि बंद. भाऊजी कसंबसं तरंगत खाली आणायचे. हात असा की पंखाला ओरखडा नाही.

"दादा, वर गेलं की गुदमरतंय ते."

"बाकावर तर नीट चालतं."

"बाकावर उडवायचंय का मला?"

यांनी आळस केला असं मी म्हणणार नाही. पेट्रोलची नळी बदलली. टाकीत आत लोंबणारी नळी अडकते का ते पाहिलं. कार्ब्युरेटर उघडून आतली बारीक जाळी धुतली. जुन्या पेट्रोलने रबराचा पडदा कडक होतो म्हणून तो नवा घातला. कुठे हवा खेचते का, म्हणून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडून फुगे शोधले. मग नाकावरचा फायबरचा टोप काढून इंजिन बाकावर पूर्ण जोरात चालवलं. टोप असला की स्क्रूड्रायव्हर सुईपर्यंत पोहोचत नाही, म्हणून हे नेहमी टोप काढूनच सुया लावायचे. इंजिनाने खणखणीत आवाज दिला. यांनी ठिपका दिला, वर टोप बसवला.

पुन्हा मैदान, पुन्हा तेच. घरी आल्यावर यांनी टोप काढून भिंग लावलं. "ठिपका शाबूत आहे. म्हणजे इंजिनात काही नाही."

"म्हणजे माझ्यात आहे?"

"मी तसं म्हटलं का?"

"तू म्हणत नाहीस, दादा. तू ठिपका देतोस."

त्या दिवशी भाऊजी अर्धं जेवण ताटात ठेवून उठले.

मग विमानं उडवणाऱ्या सगळ्या क्लबांचा मेळावा ठरला. आमचं गिऱ्हाईक तिथूनच यायचं. आदल्या संध्याकाळी भाऊजी दुकानाच्या दारात उभे राहून म्हणाले, "उद्या ते सगळ्यांसमोर बंद पडलं तर मी या दुकानात पाय ठेवणार नाही. माझं मी वेगळं बघेन."

"धमकी देतोस?"

"सांगतोय. निदान एकदा तरी म्हण, की मी वर काय ऐकतो ते खरं आहे."

हे सुया पुसत राहिले. मी मध्ये पडले, "वेगळे व्हा हो भाऊजी, पण डबा इथूनच न्यायचा. तुमच्या हातचं खाऊन इंजिनाआधी तुम्हीच बंद पडाल." ते हसले. हे हसले नाहीत.

मेळाव्यात विमान छान चढलं. दोन वळणं झाली, आणि तिसऱ्याला तो ओळखीचा जड आवाज आला. धूर या वेळी नेहमीपेक्षा दाट होता. मग सगळं शांत झालं. खाली झाडांची रांग होती. भाऊजींनी वाचवायचा प्रयत्न केला, पण उंची उरली नव्हती. विमान नाकावर आपटलं.

लोक धावले. हे मात्र चालत गेले. गुडघे टेकले, फुटलेल्या टोपाच्या भेगेतून भिंगाने पाहिलं. भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता, पण यांनी तिकडे पाहिलंच नाही.

"फिरवलीस सुई."

"दादा, मला वाटलं पेट्रोल कमी पडतंय. म्हणून सकाळी टोप काढून जरा उघडली."

"जरा!" हे उठले, आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या हातात इंजिन देऊ नका. चावीचं खेळणं द्या."

कुणीतरी हसलं. ते हसू अजून माझ्या कानात आहे. दुकानात येऊन भाऊजींनी आपला रिमोट उचलला, कोट उचलला, माझ्या पाया पडले आणि गेले. डबा मागितला नाही.

विमानाचं नाक बाकाखाली पडून होतं. त्याचे स्क्रू दबून अडकले होते, टोप निघत नव्हता. एका दुपारी यांनी पुढे नवा पंखा लावून ते नाक तसंच टोपासकट बाकावरच्या शिकंज्यात पकडलं. भेगेतून लांब स्क्रूड्रायव्हर घालून सुई पहिल्या जागी आणली. मला म्हणाले, "आता बघ कसं चालतं. म्हणजे कळेल चूक कुणाची."

इंजिन सुरू झालं. जोर वाढवला तशी पंख्याची हवा टोपात शिरू लागली. टोपाचा खालचा, हवा निघायचा मार्ग पडल्यामुळे चेपून बुजला होता. हवा आत कोंडली. आणि ते इंजिन बाकावर, आमच्या डोळ्यांसमोर, गुदमरायला लागलं. तोच जड आवाज, तोच धूर.

यांचा हात थांबला. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. कार्ब्युरेटरच्या पत्र्याच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्यातून बाहेरची हवा आतल्या पडद्याला लागते आणि पडदा त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो. टोपात हवा कोंडली की ती त्या भोकातून पडद्याला दाबते आणि पेट्रोल नको तितकं आत जातं. विमान वर वेगात असताना हेच होत होतं. बाकावर, टोप काढल्यावर, ते कधीच दिसणार नव्हतं. इंजिन उपाशी नव्हतं, त्याला जास्त होत होतं. भाऊजींनी सुई उघडून त्यात भरच घातली, पण मूळ दुखणं त्यांनी ऐकलं होतं ते खरं होतं.

यांनी भेगेतूनच ते झाकण सोडवून काढलं, त्याच्या भोकावर पितळेची बारीक नळी डाग देऊन जोडली, झाकण परत बसवलं आणि नळीचं दुसरं टोक टोपाच्या मागे, वारा नसलेल्या जागी नेलं. इंजिन पुन्हा चालवलं. टोप तोच, चेपलेला. आवाज खणखणीत.

"फोन करा," मी म्हणाले.

"सुई त्याने फिरवली, त्याचं काय?"

"अहो, सुई फिरवायच्या आधीही बंदच पडत होतं ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोप कापून काढला, इंजिन कापडात गुंडाळलं आणि मला म्हणाले, "चल."

भाऊजींनी वेगळी घेतलेली खोली दोन जिने वर. भिंतीला हलकी विमानं टांगलेली, टेबलावर बॅटऱ्या चार्ज होत होत्या. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा टाकला. यांनी इंजिन टेबलावर ठेवलं.

"हे तुझं," हे म्हणाले.

"काय होतं त्याला?"

मी यांच्याकडे पाहिलं. सगळ्या जिन्यावर हे ओठ हलवत आले होते, मी पाहिलं होतं. आता भाऊजींनी मागितलेलं ते एक वाक्य बोलायचं होतं.

"सुई जास्त उघडी होती," हे म्हणाले.

भाऊजींनी मान हलवली. मग गॅस बंद केला. "मी आता बॅटरीवर उडवतो, दादा. त्यात पेट्रोल नाही, सुई नाही." थोडं थांबून म्हणाले, "तू नाहीस."

चहा कुणी घेतला नाही. उतरताना हे कठड्याला धरून म्हणाले, "भोकाचं सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं नाही. तुम्ही ठेवून घेतलंत."

पुढे एकदा मी एकटीच भाऊजींकडे गेले. इंजिन खिडकीत होतं, कापडावरच. धूळ नव्हती त्यावर.

"नळी पाहिलीत?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. तुम्ही जिना उतरायच्या आत कळलं मला."

"मग फोन का नाही केलात?"

"वाट बघत होतो, तो करेल म्हणून." त्यांनी बोट इंजिनाजवळ नेलं, लावलं नाही. सुईवर नवा लाल ठिपका होता. "सांगायला आला होता ना तो? मग येताना ठिपका कशाला दिला? माझ्या हातात देतानाही?"



घरी आले तेव्हा हे बाकावर होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "चालवलं का त्याने?"

"नाही."

"ठिपका?"

"शाबूत आहे," मी म्हणाले, आणि आत निघून गेले.