तिसरा महिना भरेपर्यंत

त्या दिवशीही तुकाबाईने नेहमीसारख्या भाकरी थापल्या. नवरा धुळा फडक्यात भाकरी बांधून मेंढरं घेऊन धरणाकडच्या माळाला गेला. मुलगा जालिंदर त्याआधीच रिसॉर्टच्या बागेत कामाला गेला होता. सून वैभवी मोरीपाशी भिंत धरून बसली होती आणि ओकारीतून आता पिवळ्या पाण्याशिवाय काही पडत नव्हतं.

दीड महिना हेच चाललं होतं. पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. तुकाबाईला त्याचं विशेष वाटत नसे. चार लेकरांच्या वेळी ती मेंढरांमागे ओकत ओकत चालली होती. हल्लीच्या पोरींना सोसत नाही, एवढंच तिचं मत. शिवाय घरचा रिवाज असा की तिसरा महिना भरेपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. वैभवीच्या आईचा फोन आला की तुकाबाईच उचलायची आणि पोरगी रानात गेलीय म्हणून सांगायची. गावातल्या किराणा दुकानदार अलाउद्दीनची सून आसमा गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका होती. गरोदर बायांच्या नोंदणीसाठी ती दोनदा आली; दोन्ही वेळा तुकाबाईने तिला उंबऱ्यावरूनच परत लावलं.

वैभवीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. लघवी दिवसातून एकदा, तीही गडद. तोंडाला नासलेल्या फळासारखा वास. छाती धडधडते म्हणून ती सासूचा हात धरून छातीवर ठेवायची. एकदा जालिंदरने दवाखान्याचा विषय काढला.

"तितं नाव लिवलं की गावभर झालं," तुकाबाई म्हणाली. "पंधरा दिस ऱ्हायलेत. काढंल ती."

जालिंदरने विषय तिथंच सोडला. आईपुढे गप्प बसण्याला त्या घरात चांगलं वळण म्हणत.

शेवटी मोटारसायकलवरून सुया टोचत फिरणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने खुंटीला बाटली टांगून दोन दिवस नुसतं ग्लुकोज चढवलं. तिसऱ्या दिवशी वैभवी उठली ती झोकांड्या खातच.

"आत्या, तुमी दोन दोन का दिसताय?" तिने विचारलं.

तिची बुबुळं ठरत नव्हती. तुकाबाईने तिच्या कपाळाला भंडारा लावला. दुपारी जालिंदर जेवायला आला, तर तिने त्याला पाहून डोक्यावर पदर ओढला आणि हा पाहुणा कुठला म्हणून विचारलं. तेव्हा मात्र तुकाबाई अनवाणी आसमाच्या दारी धावली.

आसमाने काही विचारत न बसता गाडी बोलावली. पौडच्या सरकारी दवाखान्याने त्यांना थेट पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुकाबाईला समोर बसवून सांगितलं. अशी ओकारी म्हणजे साधे डोहाळे नव्हेत. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी थायरॉईड चाळवलं होतं, म्हणून छाती धडधडत होती. रक्तातलं पोटॅशियम घसरलं होतं. उपाशी शरीर स्वतःचीच चरबी जाळत होतं, तो वास त्याचा. आणि मेंदूला लागणारं एक जीवनसत्त्व पार संपत आलं होतं. ते आधी न देता ग्लुकोज चढवलं, त्यात उरलंसुरलंही गेलं. महिन्यापूर्वी आणली असती तर एवढं झालंच नसतं.

गर्भ राहिला नाही. महिन्याभराने वैभवी घरी आली, भिंतीला धरून चालू लागली. जुनं सगळं तिला आठवतं. नवं काही टिकत नाही. रोज सकाळी ती विचारते, "आत्या, तीन म्हैने झालं का? आईला सांगू?" पहिले काही दिवस तुकाबाईने खरं सांगितलं. वैभवी दर वेळी नव्यानेच रडली. मग तुकाबाई म्हणू लागली, न्हाई पोरी, अजून न्हाई भरलं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या हैबतरावांच्या परसातून त्यांच्या सुनेच्या ओकाऱ्यांचा आवाज आठवडाभर येत राहिला. तुकाबाई आसमाला घेऊन त्यांच्या दारात गेली. तिसरा महिना भरला नाही, बायांनी गाजावाजा करू नये, असं हैबतराव म्हणाले.

"दिष्ट लागंल म्हून मी सुनंला झाकली," तुकाबाई म्हणाली. "ज्यांनी बघाया पायजे हुतं, त्यांनाच बघू दिली न्हाई. वाटंल ते बोला मला. पोर मी नेणार."

हैबतराव दारातून हलले नाहीत. त्यांची सूनच तोंडाला टॉवेल लावून त्यांच्या बाजूने बाहेर आली. पौडच्या एसटीला अर्धा तास होता. तिघी फाट्यावर, सगळ्या गावाला दिसतील अशा, उभ्या राहिल्या.