घरचा कागद

ती गावची आरोग्यसेविका; गावभर तिला डोळेताई म्हणत. चाळिशी उलटलेलं माणूस डोळ्यांच्या तपासणीला टाळाटाळ करू लागलं, की ती त्याच्या दारातच ठाण मांडायची. "काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खातो," हे तिचं तोंडपाठ भाषण पोरंसोरंही म्हणून दाखवत.

दोन वर्षांपूर्वी घरोघरच्या तपासणीच्या फेरीत भरायचा शेवटचा एकच कागद उरला होता, तिच्या सासूबाईंचा. डोळेताईचे पाय भरून आले होते. सासूबाई खिडकीशी बसून एका दमात सुई ओवत होत्या. घरचंच तर माणूस, त्यांना काय धाड भरलीय, असं म्हणत तिने 'दोन्ही डोळे ठीक' लिहून टाकलं आणि चहा ठेवला. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत दिसतं, सुई ओवणाऱ्यालाही तपासा, हे प्रशिक्षणाच्या वहीत तिनेच दोनदा अधोरेखित केलं होतं.

पुढे सासूबाई उंबऱ्याला ठेचकाळू लागल्या, डावीकडचा पेला लवंडू लागला. "आई, लक्ष कुठं असतं तुमचं?" ती फाडकन बोलायची. त्या ओशाळून फडकं शोधत बसायच्या.

आज शिबिरात डॉक्टरांनी सासूबाईंच्या डोळ्यांतला दाब मोजला, कडेची नजर तपासली. "डावा गेलाय. उजवा निम्मा. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकवू." मग त्यांनी जुना कागद काढला. "मागच्या वेळी यांना कोणी तपासलं?"

डोळेताईच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगितलं तर काम जाणार होतं.

"मीच नको म्हटलं हो," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "ही बिचारी मागे लागली होती. मीच मेली हट्टी."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने विचारलंसुद्धा नव्हतं, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

"खोटं आहे, सर. मी न तपासताच लिहिलं. घरी बसून."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "उद्या कार्यालयात या."

बाहेर आल्यावर सासूबाई कुरकुरल्या, "कशाला बोललीस? माझा डोळा का परत येणार होता?"

त्यांना आधार द्यायला ती डाव्या बाजूला गेली.

सासूबाई थबकल्या. "अगं, कुठं गेलीस?"

ती त्यांच्या डाव्या खांद्याशी, वीतभर अंतरावर उभी होती.