कुकारा ऐकू आला पाहिजे

आलापल्लीत प्रफुलच्या आधी त्याच्या गाडीचा आवाज पोचतो. लग्नांचे फोटो-व्हिडिओ काढून काढून या गड्याने नागपूरहून जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्‌स कार आणली, आणि आणल्या दिवसापासून तिच्या अंगावर काहीतरी चढवणं सुरूच! मागे पंख लावला. स्प्रिंगा बदलून गाडी इतकी खाली बसवली की गतिरोधक आला की पोट घासलंच. शेवटी कंपनीचा चांगलाचुंगला सायलेन्सर काढून बाहेरचा मोकळ्या तोंडाचा बसवला. मग काय विचारता! पाळण्यातली लेकरं दचकून उठायला लागली. तुमच्याही गल्लीत असा एखादा प्रफुल असेलच. आपण खिडकी लावून घेतो, मनातल्या मनात दोन शिव्या घालतो आणि गप्प बसतो.

चैत्रातल्या एका सकाळी प्रफुल अंगणात गाडीखाली शिरला होता. नवा सायलेन्सर लागल्यापासून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा विझत नव्हता, आणि खालून खडखड यायची ती वेगळीच. ओट्यावर त्याची आई गुणाबाई बसली होती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मोहफुलं वेचताना पाय घसरला, एवढंच तिनं घरात सांगितलं होतं.

"सापडला का रे बिघाड?"

"सेन्सर नव्या पाइपाले मानूनच नाई राह्यला, माय. आन् पाइपाचा रबर निसटला, त्याची खडखड हाये."

"होईल बाबू नीट. पयले च्या पी."

प्रफुल बाहेर आला, चहा बाजूला ठेवला आणि गाडी सुरू करून पाहिली. त्याच वेळी शेजारची कमळाबाई गुणाबाईच्या वाट्याची मोहफुलं टोपलीत घेऊन फाटकातून आत आली. आवाजानं तिनं टोपली खाली टाकली आणि दोन्ही कान दाबले.

"बंद कर ते!" ती ओरडली. "तुह्या मायचा हात कशानं मोडला, ठाऊक हाये का तुले?"

"कमळे, राहू दे नं," प्रफुलनं गाडी बंद करताच गुणाबाई घाईनं म्हणाली.

"काऊन राहू देऊ? ऐक रे प्रफुल. त्या दिवशी पहाटे आमी अहेरी रोडच्या कडंले मोह वेचून राह्यलो होतो. मी इकडच्या झाडाखाली, तुही माय तिकडच्या. मधातल्या झुडपातून अस्वल निंगालं. मी कुकारा देल्ला, जीव तोडून हाक देल्ली! धोक्याचा कुकारा ऐकला का बाई जिथी हाये तिथून मांगं फिरते, हे आमचं ठरलेलं हाये. पन नेमकी तुही गाडी आली. तुह्या गाडीपुढं माहा कुकारा कोन ऐकते?"

"मग?" प्रफुलनं विचारलं.

"मग तुह्या मायनं तो आवाज ओळखला! माहा पोरगा चाल्ला म्हनून टोपली ठेवून रोडकडं धावली, तुले हात दाखवाले. अस्वल त्याच अंगाले होतं. समोर दिसलं तशी घाबरून नालीत पडली. ते आपल्या वाटेनं गेलं म्हनून आज इथी बसून हाये."

प्रफुल गाडीतून उतरला. "पन मी तर कोनाले तरास नको म्हनून पहाटे जंगलाच्या रोडनं नेतो! रोड रिकामा असते, कमळाबाई."

"तुले मानूस दिसला नाई म्हनून रोड रिकामा होते का रे?" कमळाबाई आता रागावली नव्हती, तिचे डोळे भरले होते. "तुह्यापाशी लाईट हाये, हॉर्न हाये, चारी बाजूनं पत्रा हाये. आमच्यापाशी काय हाये? एक कुकारा. तोबी तू घेतला."

प्रफुल आईच्या पायाशी बसला. "माय, मले काऊन नाई सांगितलं?"

गुणाबाईनं डाव्या हातानं त्याच्या केसांतली धूळ झाडली. "गाडीत बसला का तू लहानपनी हासत होता तसा हासते रे. तुहा बाप गेल्यापासून तुले असं हासताना पाह्यलंच नव्हतं. ते कसं मोडू मी?"

अरेरे! केवढी ही माया, आणि केवढा तो आंधळेपणा! प्रफुल लेकरासारखा रडला.

त्याच दुपारी त्यानं नवा सायलेन्सर उतरवला. कंपनीचा जुना गोठ्यात पडला होता आणि त्यावर कोंबडी ठाण मांडून होती. बायको दिव्यानीनं तिला हुसकलं आणि दोघांनी मिळून तो बसवला. सेन्सरही ताळ्यावर आला.

दुसऱ्या पहाटे तो आईबरोबर पायी मोहाखाली गेला. आई डाव्या हातानं वेचू लागली, तोही वाकला. फुलं वाळल्या पानांवर टपटप पडत होती. याच रस्त्यानं तो रोज जायचा, पण हे त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. इतक्यात पलीकडून कमळाबाईचा लांबलचक कुकारा आला. सगळं ठीक आहे ना, एवढंच विचारणारा.

"दे नं उत्तर," आई म्हणाली.

त्यानं दिला. घोगरा, अर्ध्यात फाटलेला! झाडाझाडांखालून बाया खो खो हसल्या, आणि मग एकेकीचे कुकारे येत गेले.

मंडळी, हौस जरूर करावी, गाडी सजवावी, चालवावीही. पण आपल्या हौसेच्या आवाजाखाली कोणाची हाक दबते आहे, एवढं एकदा थांबून ऐकावं. ती हाक आपल्याच आईला सावध करणारी असू शकते.