बिनधुराचे निखारे

"धुआँ कहाँ है? दिखाओ!" निर्धूमबाबा गरजले आणि बालाजी घाटावरच्या गर्दीने कडाक्याच्या थंडीत टाळ्या पिटल्या. बाबांनी धुनीवर पांढरं उपरणं धरलं. काढलं तेव्हाही पांढरंच! "जिस आग में पाप नहीं, उसमें धुआँ नहीं!" चेले सिद्ध कोळसे वाटत होते. कापराचा, चंदनाचा घमघमाट सुटला होता.

माझी अन्नपूर्णा आत्या घमेलंभर घेऊन आली. तिची मुलगी देवयानीताई नुकतीच बाळंत झाली होती. आमच्याकडे बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात. शेगडीत गोवऱ्या असायच्या आणि धूर कोंडतो म्हणून खिडकी सताड उघडी.

"आता कशाला उघडी?" आत्या म्हणाली. "धूरच नाही! गार वारा लागेल माझ्या सोनीला." तिने खिडकी लावली, फटीत फडकंही कोंबलं.

मी तेव्हा शाळेत होते. बिंदुमाधव सरांबरोबर आमचा प्रयोग जोरात चालला होता: वेगवेगळी इंधनं जाळायची आणि कशातून किती विषारी वायू निघतो ते यंत्राने मोजायचं. गोवरी झाली होती, लाकूड झालं होतं. कोळशाची पाळी यायची होती.

घरी आले तर दारात गर्दी. ताईला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेत होते. बाळ आत्याच्या मांडीवर होतं. गाल गुलाबी, अगदी झोपल्यासारखं.

"ईशानी, उठव गं हिला," आत्या म्हणाली. "तुझा आवाज मोठा आहे."

मी हाका मारल्या. खूप मारल्या.

ताई वाचली. बाळ गेलं.

बाबा घाटावर म्हणाले, "बच्ची की आयु इतनी ही थी."

"आयु नहीं बाबा, खिड़की बंद थी!" मी भर गर्दीत ओरडले. सर यंत्र आणि पत्र्याचे दोन डबे घेऊन माझ्या शेजारी उभे होते.

पहिल्या डब्यात गोवरी पेटवली. वर धरलेलं फडकं काळं पडलं, लोक खोकत मागे सरले, यंत्र पिपाणीसारखं वाजलं. दुसऱ्यात बाबांचे कोळसे. फडकं शुभ्र! कुणी हात जोडले, आणि यंत्राने जे किंचाळायला सुरुवात केली ते थांबेचना. आकडा गोवरीच्या कितीतरी वर.

"मशीन खराब है!" बाबा म्हणाले.

"तो आप ही सूँघ लीजिए न!" मी म्हणाले.

बाबा मागे सरकले.

सर म्हणाले, "हा साधा लाकडी कोळसा. रामनगरच्या भट्टीत लाकूड जळतानाच धूर निघून जातो. चमत्कार तेवढाच, वरून कापूर आणि चंदन. पण कोळसा पेटला की कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. धुराने निदान डोळे तरी चुरचुरतात, माणूस बाहेर पळतो."

"अरे, हमरे घरे त उहे जलत बा!" म्हणत चहावाला किटली टाकून धावत सुटला; त्याच्या घरीही तेच कोळसे पेटलेले होते.

आत्या पायरीवर बसून होती. "धूर असता तर उघडली असती गं मी," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

म्हणून तुम्हाला सांगते. दिसत नाही ते नसतंच, असं मानू नका. कुणी कितीही मोठा बाबा सांगो, शेगडी पेटली की खिडकी उघडा.

त्या खोलीत आता शेगडी नाही, पाळणा नाही. तरी आत्या कुणाला खिडकी लावू देत नाही.