मामंजींचा कौल

आमच्या ह्यांच्यासारखा हट्टी माणूस अख्ख्या मराठवाड्यात हुडकून सापडायचा नाय. पोराला लष्कराच्या छावणीत नोकरी लागली, पडेगावात त्यानं दोन खोल्या घेतल्या, या म्हणून कितीदा सांगावा धाडला. हे ढिम्म. "बाप तिथं पाण्यात बसलाय, राजाबाई. त्याला टाकून कसा जाऊ?"

लग्न झाल्यापासून हेच ऐकत आले. यंदा माझं डोकंच फिरलं. म्हणलं, चला, दाखवा तरी तुमचं ते तळं. तिथंच बिरोबाला कौल लावू. देव जा म्हणला तर गपगुमान पोराकडं यायचं. नाय म्हणला तर मी एकटी जाईन.

एसटीतून घाटात उतरलो अन् डोंगर चढाया लागलो. चढता चढता ह्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी सरकारनं खिंडीत धरण बांधलं, तवा खाली, आता तळं हाय तिथं, आमची धनगरांची वाडी होती. माणसं मेंढरं घेऊन निघाली. पण देव कौल घेतल्याबिगर हलवत नसत्यात. माझे सासरे मुंजाबा देवाचे पुजारी. त्यांनी दगडाला कण्हेरीचं फूल चिकटवलं अन् विचारलं, "देवा, जाऊ का?" उजवीकडं पडलं तर जा, डावीकडं पडलं तर राहा. फूल पडलंच नाय. पाणी गुडघ्याला आलं तरी मामंजी उठले नायत.

"अवं, ओढून आणायचं की."

"मी कडेवर होतो आईच्या. आबा म्हणले, पुढं व्हा, कौल झाला की येतो."

तवापासून तळ्यावर मेंढरांना पाणी पाजताना कुणी तोंड उघडत नाय. पाण्यातून कुणीतरी विचारतं, जाऊ का. त्याला हो म्हणायचं नाय अन् नाय पण म्हणायचं नाय, असा रिवाज. मी हसले. म्हणलं, तुम्हा लोकांना कामधंदा नाय.

दुष्काळानं तळ्याचा तळ उघडा पडला होता. सगळीकडं भेगा अन् वाळला गाळ. मधोमध बिरोबाचा दगड, रणरणत्या उन्हात ओला. त्याला लाल कण्हेरीचं ताजं फूल चिकटलेलं.

"आधी येऊन लावून गेलात व्हय?" मी तडकून विचारलं.

ह्यांनी नाय म्हणून मान हलवली. कौलासाठी आणलेलं आमचं फूल अजून माझ्या ओटीतच होतं.

तेवढ्यात दगडाच्या मागून, लई थकल्या आवाजात, कुणी म्हणलं, "जाऊ का?"

फूल सुटलं. उजवीकडं पडलं.

हे लहान लेकरावानी रडले. "झाला कौल, आबा. चला."

उतरताना आमच्या मागं ओल्या वहाणांचा चपचप आवाज येत होता. मी कुणाच्या बापाला भ्याले नाय कधी, पण त्या दिवशी लई भ्याले. ह्यांच्या सदऱ्याचं टोक धरून चालले, मागं वळून पाहिलं नाय.

एसटी आली. हे कंडक्टरला म्हणले, "पडेगाव, तीन."

"तिसरं कोण?" त्यानं आम्हा दोघांकडं पाहिलं.

एरवी मी ह्यांना तिथंच फाडून खाल्लं असतं. "द्या तीन," मी म्हणले. पदर डोक्यावरून पुढं ओढला अन् खिडकीकडं सरकून बसले. हे पलीकडल्या टोकाला टेकले. आमच्या दोघांमधली जागा हळूहळू ओली होत गेली.