न जळालेला तंबाखूचा ट्रे

मित्रांनो, शेवटी मला जाळलं.

असो, तसं काही झालेलं नाही. मी एक जुना, रोपांचा ट्रे आहे. काळा, प्लॅस्टिकचा, अठ्ठ्याण्णव खळग्यांचा. तब्येत ठणठणीत.

माझा जन्म कारखान्यात झाला. माझी भीती जन्मली अक्कलकोटच्या दक्षिणेला, सिद्धम्माच्या शेतात. तिथे तंबाखूचं बी पेरण्याआधी वाफ्यावर काडीकचरा पसरून पेटवायचे, म्हणजे मातीतला रोग मरतो. याला वाफा भाजणं म्हणतात. तिच्या मुलाने, संगमेशने, मला घरी आणलं, तेव्हा सिद्धम्माने मला उलटंपालटं करून पाहिलं, माझ्यावर तूरकाट्या रचल्या आणि काडेपेटी काढली.

"अव्वा, प्लॅस्टिक हाय ते!"

"मग? भाजल्याबिगर बी टाकत्यात व्हय?"

त्या दिवशी वाचलो. पण काडेपेटी तिच्या कनवटीलाच राहिली, आणि मी तिकडे बघत जगलो.

वाफ्यातून उपटलेली रोपं रानात निम्मी मरायची. मग बायका आठवडाभर नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या जागी नवी रोपं लावायच्या. माझी रोपं मुळांना नारळाच्या भुशाचा गोळा घेऊन जायची. ती मरेचनात. शिवारभर तंबाखू एका उंचीची, एकदमच काढणीला येणारी. तीन वर्षांत घरोघरी माझ्यासारखे ट्रे आले आणि गावातले वाफे मोडले. लोक मला बघायला यायचे. नांग्या भरणारी सारजाबाईही यायची.

"आमच्या पोटावर आलास की रं, काळ्या," म्हणायची आणि सिद्धम्माच्या कनवटीकडे बघायची.

चौथ्या वर्षी संगमेशने मला न धुताच भरलं. "प्लॅस्टिकला कसला आलाय रोग?" कोपऱ्यांत जुना भुसा तसाच होता. पंधराव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव.

सिद्धम्मा ओरडली नाही. तिने तूरकाट्या आणल्या.

"म्हनले हुते की, भाजलं न्हाय म्हनून."

संगमेश या वेळी मध्ये पडला नाही.

पुढे काहीही झालं नाही. जरा उकडत होतं.

मित्रांनो, वापरलेली वस्तू धुऊन ठेवत जा. कोपरेसुद्धा.

प्रति, मा. कृषी अधिकारी यांस,
विषय : न जळाल्याचा दाखला मिळणेबाबत.
महोदय, अर्जदार सध्या निम्मा गोळा व निम्मा धूर या स्वरूपात मोडलेल्या वाफ्यावर हजर आहे. खळगे मोजल्यास एकच भरेल, तो ग्राह्य धरावा. तरी सदर अर्जदार जळालेला नसल्याचा दाखला, समक्ष पाहणी करून, वारा सुटण्याच्या आत मिळावा, ही विनंती.