रुपयाचा अभिषेक

यज्ञेश्वर रिसबूड यांना देवाधर्माचं वावडं नव्हतं, पण ओढही नव्हती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मंदाकिनीबाई आरती म्हणत, आणि हे मागे उभे राहून टाळ्या वाजवता वाजवता चकल्यांच्या ताटाकडे बघत. म्हणून १९७८ सालच्या दिवाळीत, अगदी वसुबारसेलाच, त्यांनी "यंदा लक्ष्मीपूजन मी करणार, साग्रसंगीत," असं जाहीर केलं तेव्हा मंदाकिनीबाईंनी हातातली सांडशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"न वाटायला काय झालं? माणसानं कधी पूजाच करू नये का?"

"करावी की. मी कुठे नको म्हणतेय?"

त्या तेवढ्यावर थांबल्या. माणूस काय बोलतो ते जमेला धरायचं आणि खर्ची काय पडतं ते बघत बसायचं, ही त्यांची जुनी सवय. संसाराचा ताळेबंद त्यांनी असाच जुळवत आणला होता.

दुसऱ्या दिवशी पुढची नोंद झाली. "पंचामृताचं दही जरा आंबट होऊ दे," यज्ञेश्वरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले. ज्यांना आयुष्यभर दही गोडच लागलं, आंबट निघालं तर वाटी सरकवून द्यायची, त्यांची ही मागणी. आणि ऐन पूजेच्या दिवशी सकाळी ते मंडईतून झेंडूबरोबर लिंबंही घेऊन आले.

"पंचामृतात लिंबू?"

"दोन थेंब. आमच्या आजोळी घालायचे."

"पूजा आहे की कोशिंबीर?" एवढं म्हणून मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. आता त्यांना नुसतं कुतूहल नव्हतं, मजा वाटू लागली होती. कारण आंबट दही आणि लिंबू कशासाठी लागतं, हे चांदीची भांडी घासणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही.

घरात काळं पडलेलं आणि घासायची सक्त मनाई असलेलं चांदीचं एकच होतं. तो रुपया.

यज्ञेश्वरराव मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीला होते आणि रविवारी जुन्या बाजारात. तिथेच त्यांना फार वर्षांपूर्वी तो रुपया मिळाला. कात्रजकडच्या मच्छिंद्र नावाच्या माणसानं विहिरीचा गाळ काढताना सापडला म्हणून आणला होता. सगळ्या अंगावर काळं किटण, वरच्या कडेला हिरवट खपली, आणि त्या खपलीतून डोकावणारी एक बारीक वाकडी रेघ. ही रेघ म्हणजे अंकुशाचं टोक, म्हणजे रुपया पेशवाईतला, पुण्याच्या टाकसाळीतला, अंकुशी, असं यज्ञेश्वररावांनी त्याच दिवशी ठरवलं. तेव्हापासून येईल त्याला ते भिंग देत, रेघ दाखवत आणि वर बजावत, "जुनं नाणं पुसू नये. काळेपणा म्हणजे त्याचं वय. पुसणारा स्वतःच्या हातानं ते खरवडून टाकतो." त्यांचे मित्र बाळ परचुरे यांनी एकदा कौतुकानं लखलखीत केलेले रुपये दाखवायला आणले, तर यज्ञेश्वररावांनी डबी उघडून परत मिटली होती. "छान. कोटाला लाव." परचुरे त्यानंतर महिनाभर आले नव्हते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग यंदा नवरात्रात उल्का नातू आली.

उल्का कॉलेजात इतिहास शिकवायची आणि नाणीवाल्यांच्या मंडळाची नवी चिटणीस होती. डिसेंबरात प्रदर्शन होतं. तिनं भिंगातून रुपया उलटसुलट पाहिला.

"काका, खालच्या चिठ्ठीवर अंकुशी रुपया लिहायचं तर अंकुश दिसायला हवा."

"जाणकाराला दिसतो."

"मला दिसत नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

उल्का हसली, पण हटली नाही. "मग 'न वाचता आलेलं नाणं' असं लिहिते. नाहीतर हलक्या हातानं साफ करून बघा. निर्णय तुमचा. भाऊबीज झाली की सांगा."

ती गेल्यावर यज्ञेश्वरराव खिडकीशी बसले. त्या दिवसापासून रोज बसायला लागले. उन्हाची तिरीप येई तेव्हा रुपया तिच्यात धरायचा, तिरका करायचा, भिंग जवळ न्यायचं, लांब न्यायचं. मंदाकिनीबाई चहा ठेवून जात आणि चहा थंड झाला की उचलून नेत. माणूस अडकला होता. पुसावा तर इतक्या वर्षांची तोंडाची वाफ फुकट जाणार, आणि परचुरे गप्प बसणार नाहीत. न पुसावा तर आपल्याच अंकुशी रुपयाखाली 'न वाचता आलेलं' लागणार. आणि या दोन्हींहून वाईट म्हणजे, आत काय आहे ते त्यांना स्वतःलाच कळून घ्यायचं होतं. त्यावाचून जीव राहत नव्हता.

पुसायचं नाही, पण पूजा करायला काय हरकत आहे? मंदाकिनीबाईंना नवऱ्याच्या डोक्याचं कौतुकच वाटलं.

लक्ष्मीपूजनाला यज्ञेश्वरराव रेशमी कद नेसून बसले. पूजेतले नेहमीचे राणीछाप रुपये, जे मंदाकिनीबाई दरवर्षी चिंचेनं घासत, ते एका बाजूला राहिले. ताम्हनात मधोमध काळा रुपया आला. त्याच्यावर दूध, दही, तूप, मध, साखर आणि आजोळचं लिंबू. एरवी एका पळीत उरकणारा अभिषेक संपेचना. श्रीसूक्त झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. मंत्र तोंडानं चालू होते आणि अंगठा पंचामृतात बुडून, गंध लावल्यासारखा, गोल गोल फिरत होता. मंदाकिनीबाई निरांजनाची वात पुढे करत राहिल्या. नाव धर्माचं, काम मोलकरणीचं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आहेत का लक्ष्मीपुत्र घरात?" बाळ परचुरे फराळाला टपकले होते. पूजा चालू बघून ते चपापले, चपला काढून पाटाशेजारी बसले आणि रीतीप्रमाणे उजवा हात पुढे केला. "तीर्थ द्या, वहिनी."

मंदाकिनीबाईंनी पळी भरली आणि हात मागे घेतला. पंचामृत हिरवट-काळं झालं होतं.

"घेऊ नका भाऊजी. कळकलंय."

"पंचामृत कळकलं? पितळेच्या भांड्यात का कुणी..." परचुरे वाकले. ताम्हनात बघितलं, मग यज्ञेश्वररावांच्या काळ्या अंगठ्याकडे बघितलं. "यज्ञा, हा तो रुपया?"

"पूजा चालू आहे."

"पूजा की धुणं?"

यज्ञेश्वरराव लाल झाले. काहीतरी खवचट बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण तोवर त्यांची नजर खाली गेली होती, आणि खपली सुटली होती. परचुरेही थट्टा विसरले. मंदाकिनीबाईंनी रुपया उचलून पाण्यातून काढला, जुन्या धोतराच्या चिंधीत दाबून टिपला आणि तळहातावर धरला. तिघांची डोकी एकमेकांना लागली.

वाकडी रेघ होती. पण ती आता पुढेही जात होती. वळून, जाड होऊन, कडेवरच्या एका पिवळसर उंचवट्यात मिसळत होती.

यज्ञेश्वररावांनी भिंग लावलं. फार वेळ लावलं. काहीतरी पळवाट निघणार, आजोळच्या लिंबासारखी, असं मंदाकिनीबाईंना वाटलं. परचुरेंच्या चेहऱ्यावर तर वर्षानुवर्षं जपलेलं वाक्य तयारच होतं.

"डाग आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले. "डाग देऊन कडी बसवली होती इथे. पितळी डाग, म्हणून एवढं हिरवं. गळ्यातला रुपया आहे हा, बाळ."

"आणि अंकुश?"

"नाही. म्हणजे डागाखाली असेल. नसेलही. मी आता म्हणणार नाही." त्यांनी रुपया कलता केला. "अजून गंमत बघ. हे ओरखडे किटणाच्या आतले आहेत. बारीक, सगळे एका अंगाला. राखेनं घासलाय. सणासुदीला, वर्षानुवर्षं. अक्षरं त्यातच गेली."

"म्हणजे तू घेतलास तेव्हाच तो धुतलेला होता?"

"व्यवस्थित."

परचुरे जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. मंदाकिनीबाईंनी त्यांना पाणी दिलं. पण यज्ञेश्वररावांनी आपण होऊन, कुणी न विचारता, स्वतःच्या तोंडानं हरणं कबूल केलं, हे त्यांनी जमेला धरलं. अशी जमा त्या घरात रोज होत नसे.

ठसका ओसरल्यावर परचुरेंनी डोळे पुसले आणि रुपया परत मागून घेतला. "एक बाजू साफ गुळगुळीत आहे रे, दुसरीवर थोडं तरी दिसतंय. अंगाला कुठली लागायची?"

"गुळगुळीत. कातडीवर घासून."

"कशावरून? वरच्या बाजूला पदर घासत असेल."

"पदर घासून चांदी झिजते?"

"रोज घासला तर का नाही झिजणार?"

चकल्या तशाच राहिल्या.

प्रदर्शनात चिठ्ठी यज्ञेश्वररावांनी स्वतः लिहिली. 'गळ्यात घातलेला रुपया. टाकसाळ ठरवता आली नाही. दोनदा साफ केलेला. पूर्वी राखेने, यंदा दह्याने.' मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या, दह्याचं कशाला, लोक हसतील. "उल्का म्हणते जे केलं ते लिहायचं," एवढंच उत्तर आलं होतं.

लोक हसलेच. यज्ञेश्वरराव जवळ उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, की नाणं पुसू नये हे अजूनही खरंच आहे, दह्यानं तर मुळीच नाही. मंदाकिनीबाई मात्र बायका बघत होत्या. बायका चिठ्ठी वाचत, काचेवर वाकत, आणि पुढे सरकण्याआधी एकेकीचा हात नकळत गळ्याशी जाई.

दुपारी गर्दी पांगल्यावर यज्ञेश्वररावांनी काच सरकवली, रुपया चिमटीत धरला आणि बायकोसमोर आले.

"अगं, मान जरा वर कर. बाळ म्हणतो पदरानं झिजला. ह्या जागी कडी असली तर रुपया कसा लोंबेल, ते बघू दे मला."

"इथे? माणसं आहेत."

"शास्त्रासाठी आहे."

मंदाकिनीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि मान वर केली.